घर हलवताना : बांधाबांध स्वतः करावी की पॅकर्सना द्यावी?

सांगलीच्या गावभागातून विश्रामबागेकडे घर हलवायचे ठरले, की बांधाबांध घरच्यांनी करावी की पॅकर्सना बोलवावे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. पॅकर्सची माणसे एका दिवसात घर रिकामे करतात आणि फ्रीज, वॉशिंग मशीन, काचेचे कपाट अशा जड व नाजूक वस्तू त्यांच्याच हाती द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र समोर दिसेल ते ती खोक्यात भरतात; काय ठेवावे आणि काय टाकावे, हे ठरवणे त्यांचे काम नव्हे.

स्वतः बांधताना पंधरा-वीस दिवस जातात, पण माळ्यावरची पितळी भांडी, जुन्या गोधड्या, वर्षाची चटणी-हळद आणि २०१९ च्या महापुरातून वाचलेली कागदपत्रे, यांतली प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची निवड करता येते. (कागदपत्रे व दागिने तर कोणत्याही परिस्थितीत स्वतःजवळच्या पिशवीतच असावेत.) म्हणून माळा, देवघर आणि स्वयंपाकघर घरच्यांनी आवरावे, प्रत्येक खोक्यावर खोलीचे नाव लिहावे व उरलेले सामान पॅकर्सवर सोपवावे, फ्रीज मात्र आदल्या रात्रीच बंद करून आतून कोरडा पुसून ठेवावा.