बाळाला दुपट्यात गुंडाळायला आणि कापडाने पोटाशी बांधायला शिकवणारा बेळगावातला क्लास, माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं, आज लेक झोपलीय आणि पाऊसही थांबलाय म्हणून बसले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे किंवा येणार आहे त्यांच्यासाठी लिहितेय. टिळकवाडीत एक अक्का त्यांच्याच घरी बाळाला गुंडाळायचं कसं आणि कापडाने अंगाशी बांधायचं कसं हे शिकवतात. आधी बरीच वर्षं नर्स होत्या. दोन दिवस, दोन-दोन तास, मिळून ९०० रुपये, आणि सोबत घरातलं एक माणूस फुकट. नाव-नंबर इथे टाकत नाही, त्यांना चालणार नाही.

मी का गेले ते आधी सांगते. लेक जूनच्या शेवटी झाली, सिझर, कारण ती पायाळू होती. पायाळू म्हटलं की आमच्याकडे अजून कंबरेत उसण भरलेल्या बायका बाळाचा पाय लावून घ्यायला येतात आणि आज्जीने तर पहिल्याच दिवशी विजा चमकताना हिला बाहेर काढू नका म्हणून बजावलं. डॉक्टरांनी मात्र दुसरंच सांगितलं, की पोटात अशा उलट्या बसलेल्या बाळांचा खुबा नीट बसलेला नसायची शक्यता जास्त असते, त्यात मुलगी, त्यात पहिलं बाळंतपण, म्हणून सहा आठवड्यांनी खुब्याची सोनोग्राफी करा आणि पाय सरळ करून आवळून बांधू नका. बांधू नका हे सांगितलं, मग कसं बांधायचं ते कुणीच सांगितलं नाही.

आणि घरी तर रोज तेच चाललेलं. न्हाऊ घालणारी मावशी तेल लावून झालं की दोन्ही पाय जोडून खाली ओढायची आणि जुन्या लुगड्याच्या दुपट्यात मानेपासून टाचेपर्यंत घट्ट आवळायची. मी काही बोलले की आई म्हणायची, "अगं पाय वाकडे राहतील की, तुला पण असंच बांधलंय." खरं सांगायचं तर बांधल्यावर बाळ शांत झोपायचं, म्हणून मलाही जोर करून बोलता येईना, मध्येच दचकून हात उडवून उठायची ती उठायची नाही. रात्री मी एकटी जागी राहून दुपट्याची खालची बाजू सोडून ठेवायचे, सकाळी परत आवळलेली. या ओढाताणीत चार आठवडे गेले आणि मग एका मैत्रिणीने या अक्कांचं सांगितलं.

मी आईला घेऊन गेले, आणि हे मी केलेलं सगळ्यात बरं काम. एकटी जाऊन शिकून आले असते तर घरी येऊन परत वादच झाला असता.

अक्का मराठी आणि कन्नड दोन्हीत शिकवतात, आमच्यात गोकाककडची एक होती तिला कन्नडच येत होतं, त्यामुळे दोन तास 'बिगि' आणि 'सडिल' म्हणजे घट्ट आणि सैल एवढे दोन शब्द इतक्यांदा कानावर पडले की आईपण घरी तेच बोलायला लागली. सुरुवातीला त्यांनी आईलाच पुढे बोलावलं, तुम्ही कसं बांधता ते दाखवा म्हणाल्या, आईने बाहुलीला बांधून दाखवलं. त्यावर अक्का चूक आहे असं म्हणाल्या नाहीत, वरचं सगळं छान आहे आता फक्त कंबरेखाली बदलूया म्हणाल्या. आईचा चेहरा तिथेच सैल झाला.

मग त्यांनी कारण समजावलं. तान्ह्या बाळाचा खुब्याचा सांधा अजून पक्का झालेला नसतो, मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत बसतो ती वाटी बरीचशी मऊ कूर्चेची असते, पाय बेडकासारखे वर आणि बाहेर वाकलेले असले की गोळा वाटीत नीट बसून राहतो, पाय जोडून सरळ ओढले की तो वाटीच्या कडेला सरकायला बघतो. पाय वाकडे दिसतात ते पोटात तसेच होते म्हणून, ते आपोआप सरळ होतात, बांधून सरळ होत नाहीत. जपानमध्ये १९७५ पासून बाळांचे पाय सरळ करून बांधू नका म्हणून देशभर मोहीम चालवली आणि खुबा निखळलेली बाळं पुष्कळ कमी झाली, हेही त्यांनी सांगितलं. आईने तिथे विचारलं, "म्हणजे त्यांच्यात पण बांधत होते?" आणि हो म्हटल्यावर तिला बरं वाटलं बहुतेक, आपणच चुकत होतो असं नाही म्हणून.

गुंडाळायची पद्धत अशी. साधारण मीटरभर चौकोनी मऊ सुती कापड, वरचा कोपरा आत दुमडायचा, बाळाचे खांदे त्या घडीच्या रेषेवर, म्हणजे कापड खांद्याच्या वर, तोंडाकडे येत नाही. एक बाजू छातीवरून घेऊन पाठीखाली, मग खालचं टोक वर, पण ओढायचं नाही, पायांना आत सायकल मारता आली पाहिजे एवढी जागा, मग दुसरी बाजू. छातीवर आपली दोन-तीन बोटं आत सहज गेली पाहिजेत. हात खाली दाबून बांधायची गरज नाही, छातीवर वाकलेले राहिले तर उलट भूक लागल्यावर बाळ मुठी तोंडाकडे न्यायला बघतं ते आपल्याला कळतं.

आणि गुंडाळलेलं बाळ कायम उताणंच झोपवायचं, कुशीवर नाही, पालथं तर कधीच नाही. मोहरीची उशी पण काढायला लावली, सपाट घट्ट गादी आणि दुसरं काही नाही. बाळ कुशीला वळायची खटपट करायला लागलं की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद, कारण बांधलेल्या हातांनी पालथं झालं तर त्याला तोंड सोडवता येत नाही. काही बाळं दोन महिन्यांतच ती खटपट सुरू करतात म्हणून वयाकडे न बघता बाळाकडे बघा म्हणाल्या. आमची साडेतीन महिन्यांची झाल्यावर वळायला लागली, त्याच रात्रीपासून बंद केलं, तीन-चार रात्री त्रास झाला, मग सवय झाली.

आमच्याकडच्या पावसात आणखी एक गोष्ट होते. खानापूर भागात जुलैमध्ये घर इतकं ओलं आणि गार असतं की आज्जी कुंची, टोपडं, झबलं, त्यावर दुपटं, त्यावर वाकळ आणि शेजारी शेगडी असं सगळं एकदम करते. अक्का म्हणाल्या की हातपाय गार लागले म्हणून बाळाला थंडी वाजतेय असं नसतं, मानेच्या मागे नाहीतर छातीवर हात लावून बघा, घाम लागला तर एक कपडा कमी करा, जास्त गरम झालेलं बाळ गाढ झोपतं आणि ते चांगलं नसतं. घरात झोपताना डोक्याला काही नको. आणि शेगडीच्या धुराबद्दल तर त्या चिडूनच बोलल्या. हे आज्जीला पटवायला मला आठवडा लागला.

दुसरा दिवस दोन आठवड्यांनी होता. सकाळी खुब्याची सोनोग्राफी केली, दोन्ही बाजू नीट आहेत असा रिपोर्ट आला, आणि तिथूनच क्लासला गेलो, त्या दिवशी नवरा आला होता. हा दिवस पोटाशी बांधायचा. तोवर मी दोन वस्तू ऑनलाइन घेऊन बसले होते, एक लांब स्ट्रेची रॅप, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून बाळ बांधायचं ताणणारं कापड, आणि एक रिंगवाली स्लिंग, म्हणजे खांद्यावरून घेऊन दोन रिंगांत अडकवायचं कापड. अक्कांनी स्लिंगच्या रिंगा हातात घेऊन फिरवल्या आणि एका ठिकाणी जोड दाखवला, डाग दिलेला. रिंग अखंड असली पाहिजे, वजन तिथेच पेलतं, जोड सुटला तर बाळ खाली, म्हणून ती त्यांनी बाजूलाच ठेवली. १४०० रुपये गेले ते गेले. दुसरं त्यांनी सांगितलं की पिशवीसारख्या झोळीत बाळ आडवं घ्यायचं नाही, पाठ वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते, किंवा तोंड कापडात नाहीतर आपल्या अंगात रुततं, आणि तान्हं बाळ आवाजही करत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये चार महिन्यांखालच्या बाळांसाठी याच कारणाने सावध केलं होतं. कमी वजनाचं, दिवस भरायच्या आत झालेलं किंवा सर्दी-खोकला असलेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधायचंच नाही.

इंग्लंडमध्ये यासाठी पाच गोष्टींचा नियम आहे, अक्कांनी तो आपल्या भाषेत करून घेतलाय आणि प्रत्येकीकडून तीनदा म्हणून घेतला: घट्ट आहे, तोंड दिसतंय, मान वाकवली की टाळूची पापी घेता येतेय, हनुवटी वर आहे, पाठ टेकलीय. हनुवटी आणि छातीत एक बोट जायला पाहिजे. दुपटं छातीशी दोन बोटं सैल पण पोटाशी बांधताना कापड अंगाला घट्ट, हा फरक मला आधी डोक्यात बसत नव्हता, मग कळलं की सैल बांधलं की बाळ आत घसरतं आणि दुमडतं. बसवायचं बेडकासारखंच, गुडघे ढुंगणापेक्षा वर, कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत पसरलेलं. म्हणजे खुब्याचा तोच हिशोब इथेही, आणि आपल्याकडे कडेवर घेतलेलं मूल आपोआप असंच बसतं. आई ते ऐकून म्हणाली, "मग कडेवर घेतात तसंच की गं." तसंच.

कापडाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला क्लासच्या पैशाइतकंच मोलाचं वाटतं. धुऊन धुऊन विरत आलेली जुनी सुती साडी दुपट्याला सगळ्यात चांगली आणि बाळ बांधायला सगळ्यात वाईट, कारण तिचे धागे कमजोर झालेले असतात, उजेडात धरून ताणलं की विरलेली जागा दिसते. रेशमी साडी गाठीला सरकते, सिंथेटिकमध्ये घाम येतो. नवी किंवा थोडी वापरलेली जाड विणीची सुती पाहिजे. विकत मिळणारे विणलेले रॅप साधारण ४.६ मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद असतात, आपली साडी साडेपाच मीटरची म्हणजे लांबीला कमी पडत नाही पण रुंदीला जास्त, सगळी रुंदी चुरगाळून बांधली की तोंडाशी ढीग होतो. मी शहापूरला जाऊन हातमागाची जाड सुती साडी घेतली, जरीकाठ नसलेली, वडगावच्या शिंप्याकडून रुंदीला कापून दोन्ही कडा शिवून घेतल्या, उरलेल्या पट्टीची दोन दुपटी झाली. ऑनलाइनच्या रॅपपेक्षा हीच मी रोज वापरते. स्ट्रेची रॅप पहिले दोन महिने मऊ म्हणून बरी होती, बाळ पाच किलोच्या पुढे गेल्यावर दर अर्ध्या तासाने खाली यायला लागली.

बांधायला मला घरी बारा-पंधरा दिवस लागले, आधी उशी बांधून, मग बाळ, ते पण गादीजवळ उभं राहून आणि नवरा समोर हात धरून. सिझरची जागा दुखेल अशी भीती होती, पण बाळ उंच बांधलं आणि गाठ बाजूला घेतली तर त्रास झाला नाही, तुम्ही मात्र आधी डॉक्टरांना विचारा. नवऱ्याने माझ्या आधी शिकून घेतलं, आता संध्याकाळी तोच बांधून अंगणात फिरतो, गल्लीतल्या बायका पहिल्यांदा बघत राहायच्या, आता एकदोघींनी त्यालाच विचारलं कसं बांधायचं. पाठीवर अजून नाही, मान पक्की होऊन नीट बसायला लागेपर्यंत अक्का ते शिकवत नाहीत. ऊसतोडीला येणाऱ्या बायका पाठुंगळी बांधतात ते बघून मला वाटायचं आपल्यालाही लगेच जमेल, पण त्या लहानपणापासून भावंडं बांधत आलेल्या असतात. चुलीशी, गॅसपाशी बांधून काम करायचं नाही, आणि स्कूटीवर बांधून बसायचं नाही, हे दोन त्यांनी इतक्या कडक सांगितलं की समोरची एक जण रडवेली झाली, ती रोज तशीच माहेरी जात होती. मला ते कडक बोलणं योग्यच वाटलं.

आता न आवडलेलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, टाके असलेल्या बाईला तो जिना जड जातो. सहा जणींत बाहुल्या दोनच, थांबावं लागतं. बाळाला दूध पाजताना बांधलेलं कापड कसं सैल करायचं आणि पाजून झाल्यावर परत वर कसं घ्यायचं हे शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं, त्यावर खरं तर अर्धा तास हवा होता, कारण बाळ खाली घसरून राहायची वेळ नेमकी तीच असते. मी फोन करून परत विचारलं तेव्हा त्यांनी नीट सांगितलं, पण सगळ्या फोन करत नाहीत. लिहून दिलेलं काही मिळत नाही, व्हिडिओ काढू देतात, तो काढाच.

नणंदेला आता सहावा महिना आहे, तिला मी सातव्यातच तिथे घेऊन जाणार आहे सासूबाईंसकट, बाळंत झाल्यावर त्या जिन्याने चढून जाण्यापेक्षा आत्ता बाहुलीवर हात बसलेला बरा. न्हाऊ घालणारी मावशी पण येते म्हणाली, तिचे पैसे आई भरणार आहे.