मिनॉक्सिडिल की केसरोपण?

कपाळाचे कोपरे मागे सरकू लागले की पणजी-मडगावात दोन सल्ले मिळतात: मिनॉक्सिडिल हे औषध लाव, नाहीतर केस रोवून घे. पण डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून गळती सुरू झाली असेल, तर बहुधा दोन्ही नकोत. आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा.

पुरुषांनी ५ टक्के मिनॉक्सिडिल दिवसातून दोनदा, दर वेळी १ मिलि, टाळूच्या कातडीवर लावायचं, केसांना नव्हे. आपल्याकडच्या दमट हवेत घामेजल्या टाळूवर ते ओघळतं आणि कपाळावर लव वाढू शकते. म्हणून डोकं पूर्ण सुकवून लावा, चार तास धुऊ नका. पहिल्या दोन महिन्यांत गळती वाढू शकते. नेमके तेव्हाच लोक घाबरून सोडतात. फरक दिसायला चार महिने तरी लागतात, आणि थांबवलं की कमावलेलं हळूहळू जातं.

रोपणात मागचे, डीएचटीला (टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला) सहसा न बधणारे केस पुढे येतात. तेही महिन्याभरात गळतात, मुळं टिकतात. निकाल ९ ते १२ महिन्यांनी. सिगारेटने रक्तपुरवठा घटतो, ती आधीपासूनच बंद. समुद्रस्नानही काही आठवडे नाही. जुने केस मात्र विरळ होतच राहतात, त्यामुळे विशीत घाईने रोवलेले केस पुढे बेटासारखे उरतात. त्या वयात आमचं मत औषधालाच.