टेनिस एल्बोचं छोटं ऑपरेशन, घोडबंदर रोड, ठाणे (४ स्टार)

मी जन्मात कधी टेनिसची रॅकेट धरलेली नाही, धरलंय ते लाटणं. नौपाड्यात घरगुती पोळीभाजीचं काम आहे, रोजच्या दीडशे-दोनशे पोळ्या, त्यात उजव्या कोपराची बाहेरची बाजू अशी ठणकायला लागली की दुधाची पिशवी उचलवेना आणि टॉवेल पिळायचा म्हटलं की डोळ्यात पाणी.

आधी एका ठिकाणी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं, चार दिवसात एकदम मस्त, मी लगेच पोळ्यांना लागले आणि तीन महिन्यांनी दुखणं व्याजासकट परत. दुसरं घेतलं, तेच झालं.

मग इथे आले. मी स्वतःच ऑपरेशन करून टाका म्हणत गेलेले तर सरांनी सहा महिने थांबवलं, ह्यासाठीच खरं तर रिव्ह्यू लिहितेय. म्हणाले बहुतेकांचं वर्षभरात व्यायामाने बरं होतं, आणि ही नुसती सूज नसते, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूची दोरी कोपराच्या हाडाला जिथे चिकटते तिथे ती झिजलेली असते. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून मनगट हळूहळू खाली सोडायचं, कोपराखाली पट्टा, सगळं इमानदारीत केलं. थोडं कमी झालं पण लाटणं काही जमेना, तेव्हाच ऑपरेशन ठरलं. (आमच्या ह्यांनी अख्ख्या सोसायटीत सांगितलं, सचिनचं पण हेच झालेलं, २००५ ला लंडनला!)

ऑपरेशन म्हणजे फक्त हात बधिर केला, मी जागी, नर्सशी कैरीच्या लोणच्यावर गप्पा चाललेल्या, जेमतेम एक सेंटिमीटरचा काप, वीसेक मिनिटं, दोन टाके, संध्याकाळी घरी. खरा त्रास घोडबंदरच्या खड्ड्यांनी दिला, प्रत्येक खड्डा कोपरात.

पण काप छोटा म्हणजे आठवड्यात काम सुरू असं समजून जाऊ नका, मी समजलेले. टाके बाराव्या दिवशी निघाले, पण जड काही उचलायचं नाही, पोळ्या तिसऱ्या महिन्यात सुरू केल्या त्या पण चाळीसच. आता पाच महिने झालेत, शंभर-सव्वाशे होतात, कणीक मळायला मात्र बाई ठेवलीय. दुखणं नाही, सकाळी उठल्यावर पकड जरा ढिली वाटते एवढंच.

एक स्टार कापला तो काउंटरसाठी. सकाळी सातला बोलावलं, नंबर साडेअकराला, तोवर चहासुद्धा नाही. कॅशलेस झालं पण ग्लोव्हज, सिरिंज असल्या वस्तूंचे पैसे मेडिक्लेममध्ये बसत नाहीत हे निघताना बिल हातात दिल्यावर सांगितलं, आधी सांगायला काय जातं?

आणि फिजिओच्या मॅडम मंगळवार-शुक्रवारच असतात, ऑपरेशनची तारीख घेतानाच त्यांची पण अपॉइंटमेंट धरून ठेवा, मला दहा दिवस थांबावं लागलं.