शनिवारची टोपली: कळमेश्वरकडच्या शेतातून थेट घरी, 14 महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी सप्टेंबरपासून आम्ही कळमेश्वरच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून दर शनिवारी भाजीची टोपली घेतो. आता तिन्ही ऋतू पाहून झाले म्हणून सगळं नीट लिहून ठेवते, कारण सुरू करण्याआधी मी शोधलं तेव्हा कोणीच पूर्ण वर्षाचा अनुभव लिहिलेला नव्हता, सगळे पहिल्या दोन आठवड्यांचं कौतुक करून थांबलेले. त्या शेतकरी भाऊंचं नाव आणि नंबर टाकत नाही, ते 40 घरांच्या वर घेत नाहीत आणि त्यांनी स्वतःच सांगितलं की ताई उगाच फोन वाढतात, नाही म्हणायला बरं वाटत नाही.

आधी घरात काय चाललं होतं ते सांगते, नाहीतर काय बदललं ते समजणार नाही. आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो, घरात पाच जण, मी, आमचे हे, सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) आणि दोन मुलं, मोठी 12 ची आणि धाकटा 7 चा. रविवारी सुपरमार्केटमध्ये जायचं, ट्रॉली भरायची, फ्रिज गच्च, आणि तरी रोज संध्याकाळी सहा वाजता तोच प्रश्न, आज काय करायचं. एकाला पनीर, एकीला नूडल्स, ह्यांना पोळी भाजी, आईंना पातळ वरण भात, म्हणजे एका वेळेला तीन तीन स्वयंपाक आणि आठवड्यातून दोनदा तरी वैतागून मोबाईलवरून बाहेरचं मागवणं. आणि गुरुवारपर्यंत खालच्या ड्रॉवरमध्ये अर्धी भाजी सडलेली. मी नोकरी करते, मला भाजी करायचा कंटाळा नव्हता, मला ठरवायचा कंटाळा आला होता. आणि टोपलीने नेमकं तेच माझ्या डोक्यावरून काढलं.

सिस्टीम साधी आहे. शुक्रवारी ग्रुपवर मेसेज येतो की उद्या काय काय आहे, निवडायचं नाही, जे निघालं ते सगळ्यांना सारखं. साधारण 6 ते 7 किलो, दोन पालेभाज्या, तीन चार फळभाज्या, सोबत सांबार म्हणजे कोथिंबीर आणि मिरच्या. 480 रुपये. शनिवारी सकाळी नऊच्या आत दारात. कापडी पिशवी ते आणतात, मागच्या आठवड्याची आपण रिकामी करून परत द्यायची.

पहिल्या दोन महिन्यांत खरं तर मीच बंद करणार होते. बरबटी (चवळीच्या शेंगा), भेंडी, दोडके, अंबाडी, पुन्हा बरबटी, पुन्हा दोडके, धाकटा ताटाकडे बघून रडायचा. तेव्हा आईंनी सूत्रं हातात घेतली. त्या आर्वीकडच्या, लहानपण शेतात गेलेलं, आणि इतकी वर्षं आमच्या फ्लॅटमधल्या किचनमध्ये त्यांना कोणी काही विचारतच नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं आणि वाईट वाटलं. मी दोडक्याची सालं डब्यात टाकत होते तर म्हणाल्या, "काहून फेकून राहिली वो, चटणी होते त्याची." तीळ आणि हिरवी मिरची घालून त्यांनी ती चटणी केली आणि धाकट्याने दोडक्याची भाजी नाही पण चटणी आणि भाकर खाल्ली, तिथून सुरुवात झाली. मग अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. मी लग्नाला 14 वर्षं झाली तरी ती त्यांच्या हातची कधी खाल्ली नव्हती.

ज्वारीचंही तसंच. आई सांगतात त्यांच्या घरी रोज भाकरच असायची, पोळी सणाला. पुढे आपल्याकडे सोयाबीन वाढत गेलं आणि ज्वारी शेतातूनच कमी झाली, मग ताटातून पण गेली. भाऊ थोडी लावतात घरच्यासाठी, त्यातली 10 किलो आम्ही मागून घेतली आणि आता आठवड्यातून चार दिवस रात्री भाकर असते. एक भाजी, एक वरण किंवा चून म्हणजे पिठलं, भाकर, कांदा, जवसाची चटणी. संपलं. सगळ्यांना तेच. ज्याला नको त्याने दही भाकर खावी, वेगळं काही होणार नाही, हे ह्यांनीच मुलांना सांगितलं आणि स्वतः पाळलं पण, त्यामुळे मुलांना फार ताणता आलं नाही.

हिवाळा मात्र सोनं आहे. डिसेंबर जानेवारीत हरभऱ्याची भाजी, मेथी, पालक, छोटी काटेरी वांगी, पोपटीच्या शेंगा, आणि तुरीच्या हिरव्या शेंगा. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या की मोठं पातेलं मध्ये ठेवून पाची जण सोलत बसतो, टीव्हीसमोर चिप्सचं पाकीट फोडायची सवय कोणी न रागावता त्या महिन्यात सुटली. तुरीचे सोले आणि वांग्याची भाजी ज्याने खाल्ली त्याला मी काही सांगायची गरज नाही. आईंनी तेव्हाच हरभऱ्याची भाजी सावलीत वाळवून डबे भरून ठेवले, मला वाटलं हौस आहे, करू दे.

मग एप्रिल आला. आता नागपूरचा उन्हाळा, 45 च्या वर पारा, शेतात पालेभाजी टिकते कुठे. टोपली एकदम उतरली, ढेमसे, कोहळं, काकडी, कांदे, कैरी, आणि मे मध्ये दोन शनिवार टोपली आलीच नाही, भाऊंनी आधी कळवलं आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हा ती वाळलेली हरभऱ्याची भाजी निघाली, बेसन लावून पातळ केलेली, आणि मुगवड्या. उन्हाळ्याची तयारी हिवाळ्यात करायची असते हे मला चाळिशीत कळलं. भरलेली ढेमसे आता माझ्या मुलीची फेवरेट आहेत, हे मी दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

शेत बघून या, हे सगळ्यांना सांगते. भाऊंकडे ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट नाही, ते स्वतः सांगतात, त्यामुळे कागदावर भरवसा ठेवायचा प्रश्नच नव्हता. आम्ही फेब्रुवारीत सगळे गेलो. सावलीत जीवामृताचा, म्हणजे शेतात टाकायच्या घरच्या आंबवलेल्या खताचा ड्रम, नैसर्गिक शेती शिकवणाऱ्या अमरावतीच्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीचा, 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. वास येतो, पण मुलांनी स्वतः काठीने ढवळलं. वांग्यावर अळी पडते हे त्यांनी लपवलं नाही, किडकी झाडं दाखवली, काय फवारतात ते पण दाखवलं. वहिनींनी चुलीवर भरीत भाकर खाऊ घातलं. या भेटीनंतर धाकटा भाजीत अळी निघाली तर ओरडत नाही, उचलून कुंडीत ठेवतो.

भाजीसोबत बाकीचं पण हळूहळू बदललं. तूर डाळ भाऊंचीच, पॉलिश नसलेली, कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतात आणि निवडायला वेळ जातो, एरंडेल तेल चोळून ठेवली तर वर्षभर कीड नाही. तांदूळ नागभीडकडचा एचएमटी. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या छोट्या शेतकऱ्याने निवडून निवडून तयार केला, आणि त्या वेळच्या घड्याळाचं नाव त्याला दिलं, हे मुलीला सांगितलं तर तिने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. हळद वायगावची, मिरची भिवापूरची, दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे, पण नाव बघून बाजारात काहीही विकतात म्हणून ओळखीतूनच घ्या. या हळदीचा रंग इतका गडद की मी अर्धाच चमचा टाकते.

आता तक्रारी. थंडीत भाजी बुधवार बाजारात याच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते, उन्हाळ्यात हिशोब बरोबरीत येतो, वर्षाचं धरलं तर भाजीवर आमचे थोडे जास्तच जातात. पण बाहेरून मागवणं महिन्यात आठ नऊ वेळांवरून एकावर आलं, त्यामुळे एकूण खर्च कमीच झाला. पालेभाजीला माती असते, शनिवारचा पाऊण तास निवडण्यात जातो, घरात कोणी मदत करणारं नसेल तर हे जमणार नाही. जुलैत पालक दोनदा गळालेला आला. फळं जवळपास नसतातच, आणि आलू कधीच नाही, ते आम्ही बाहेरूनच घेतो. रविवारचे तर्री पोहे पण सुरू आहेत, ते बंद करायचा विचार नाही.

पाच पैकी साडेचार. या शनिवारी भाऊंनी काटोलच्या पाहुण्यांची आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची संत्री आणली होती, साल हिरवट, कारण रात्रीची थंडी पडल्याशिवाय रंग चढत नाही, पण आत गोड. पाच किलो मंगळवारी संपली. आता फक्त दूध राहिलंय, प्रतापनगर खामला साईडला घरी आणून देणारा कोणी गोपालक माहीत असेल, ज्याच्या गोठ्यात जाऊन बघता येतं, तर नक्की सांगा.