रॅम वाढवली आणि पस्तावलो, मग कॅश घेतली : रायझन ७ ५८०० एक्स थ्रीडी प्रोसेसर, दोन वर्षं वापरल्यावर

तर झालं असं की मला फ्लाइट सिम्युलेटरचं भयंकर वेड, रात्री जेवून झालं की डोंबिवलीतल्या बेडरूममधून विमान उडवायचं आणि लंडनच्या हीथ्रोला उतरवायचं, आणि नेमकं रनवे समोर दिसायला लागला की गेम अडखळायला लागायचा, म्हणजे मागची सगळी फ्लाइट गुळगुळीत आणि शेवटच्या दोन मिनिटांत खडखड खडखड, एसटी घाटात चढते तसं. मशीन तसं वाईट नव्हतं, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी ४५० बोर्ड, ३०६० ग्राफिक कार्ड आणि १६ जीबी डीडीआर४ रॅम, ३२०० स्पीडवाली.

आपल्याकडे मशीन स्लो म्हणलं की पहिला सल्ला ठरलेला, रॅम टाक. शेजारचे काका पण सांगतात, रॅम टाक. लॅमिंग्टन रोडला गेलो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, रविवार घालवला, आणि एका दुकानात (नाव नको) दुकानदाराने अजून ८-८ जीबीच्या दोन स्टिक गळ्यात मारल्या, "सेमच आहे सर, चालेल". घरी येऊन बघतो तर २६६६ च्या. आता चार स्टिक एकत्र लावल्या की सगळ्यात मंद असेल तिच्या स्पीडने सगळ्यांना चालावं लागतं, म्हणजे माझ्या चांगल्या ३२०० वाल्या पण २६६६ वर येऊन बसल्या. पैसे देऊन मशीन मंद करून आणलं मी! हीथ्रोला आधीपेक्षा जास्त खडखड.

मग चिडून जरा वाचायला बसलो आणि डिप्लोमाला घोकलेला प्रश्न आठवला, एसरॅम आणि डीरॅममधला फरक स्पष्ट करा, ४ मार्क. मधोमध रेघ मारायची, डावीकडे 'फास्ट, महाग, सहा ट्रान्झिस्टर', उजवीकडे 'स्लो, स्वस्त, एक ट्रान्झिस्टर एक कपॅसिटर', पान उलटायचं आणि विसरायचं. त्या रेघेच्या दोन बाजूंवरून माझे इतके पैसे जातील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आपण जी काड्यांसारखी रॅम लावतो ती डीरॅम, डायनॅमिक. १९६०च्या दशकात आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने शोधली, १९६८ला पेटंट, आणि १९७०ला इंटेलची ११०३ नावाची १ किलोबिटची चिप बाजारात आली. आयडिया इतकी साधी की हसू येतं, एक बिट म्हणजे चार्ज साठवणारा एक छोटासा कपॅसिटर, माठच म्हणा, भरला की १, रिकामा की ०. पण हा माठ गळका आहे. नुसता ठेवला तरी पाणी झिरपत जातं, म्हणून डीडीआर४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून घ्यावीच लागते, त्यासाठी साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेशची कमांड जाते, आणि ८ गिगाबिटच्या चिपला तेव्हा ३५० नॅनोसेकंद दुसरं काही करता येत नाही. वर अजून गंमत म्हणजे माठात पाणी आहे का बघायला माठ पालथा करावा लागतो, वाचलं की चार्ज गेला, परत भरा. चिप तापून ८५ डिग्रीच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा.

एसरॅम, म्हणजे स्टॅटिक रॅम, ही फुगडी. दोन इन्व्हर्टर (घरातले नव्हे, १ चं ० आणि ० चं १ करणारी चिमुकली सर्किटं) एकमेकांचे हात धरून ओढतात, हा त्याला ताठ ठेवतो आणि तो याला, चार ट्रान्झिस्टर त्यात आणि दोन दारावर, आत-बाहेर करायला. गळती नाही, रिफ्रेश नाही, कधीही विचारा, उत्तर तयार. पण स्टॅटिक म्हणजे कायमचं असं बरेच जण समजतात, ते चूक. लाईट गेली की फुगडी सुटली आणि माठही रिकामा, आमच्याकडे लाईट जाते तेव्हा दोघांची सारखीच वाट लागते, यूपीएस घ्या.

बरं मग सगळीच रॅम एसरॅमची का नाही बनवत? हिशोब करून बघा ना. ६४ एमबी म्हणजे ५३ कोटींच्या वर बिट, गुणिले सहा, ३२२ कोटी ट्रान्झिस्टर, ते पण फक्त सेलचे. १६ जीबी हवी तर त्याच्या २५६ पट. एवढी जागा सिलिकॉनवर घ्यायची म्हणजे दक्षिण मुंबईत बंगला बांधण्यासारखं आहे. म्हणून एसरॅम प्रोसेसरच्या पोटात थोडीशी ठेवतात, तिलाच कॅश म्हणायचं. ओट्यावरचा मिसळणाचा डबा समजा, मोहरी, हिंग, हळद हाताशी, बाकीचं सामान माळ्यावर. दर फोडणीला माळ्यावर चढायचं असेल तर स्वयंपाक कितीही झपाझप करा, उशीर होणारच. आणि मी शहाणा माळा मोठा करून आलो होतो, वर शिडी पण आधीपेक्षा डुगडुगती.

आता प्रॉडक्टवर येतो, एवढं वाचलंत त्याबद्दल धन्यवाद. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये ५८०० एक्स थ्रीडी काढला, ८ कोर (म्हणजे आत काम करणारे आठ जण), १६ थ्रेड (म्हणजे एका वेळी चालणारी कामं), आणि नेहमीच्या ३२ एमबी एल३ कॅशवर, म्हणजे कॅशच्या सगळ्यात मोठ्या थरावर, अजून ६४ एमबी एसरॅमचा तुकडा अक्षरशः वर चिकटवला, मजल्यावर मजला. एकूण ९६. माझ्या ३६०० मध्ये कागदावर ३२ एमबी लिहिलेले होते पण ते १६-१६ चे दोन वाटे, एका बाजूच्या कोरला स्वतःचे १६च, म्हणजे माझ्यासाठी उडी १६ वरून ९६ ची. मिसळणाच्या डब्याचं थेट कपाट झालं.

बसवायला बोर्ड बदलावा लागत नाही, तेच एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), फक्त बायोस, म्हणजे बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, आधी अपडेट करा, जुना प्रोसेसर लावलेला असतानाच, नाहीतर काळी स्क्रीन बघत बसाल. बॉक्समध्ये कूलर नाही आणि ३६०० बरोबर आलेला छोटा पंखा याला पुरत नाही, तो खर्च धरून चाला.

आणि हीथ्रो? पहिल्या रात्री उतरलो तेव्हा बायकोला उठवणार होतो दाखवायला, पण घटस्फोट नको म्हणून नाही उठवलं. आधी सेकंदाला ३०-३५ फ्रेम आणि मधेच गचके, आता ५० च्या आसपास, पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते गचके जवळपास गेले. कारण सरळ आहे, प्रोसेसरला डीरॅमपर्यंत जाऊन यायला ७०-८० नॅनोसेकंद लागतात, तेवढ्या वेळात त्याचे तीनशेच्या वर ठोके पडून जातात, आणि एल३ मधून तेच काम १०-१२ नॅनोसेकंदांत. सिम्युलेटर दर फ्रेमला असंख्य छोट्या छोट्या गोष्टी शोधत असतो, त्यातल्या बऱ्याच आता हाताशीच सापडतात. फॅक्टोरिओ (फॅक्टरी उभारायचा गेम) खेळणाऱ्यांनी पण घ्या, मोठ्या फॅक्टरीत फरक डोळ्यांना दिसतो.

तक्रारी आहेत. क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, साध्या ५८०० एक्सपेक्षा कमी, त्याचा बूस्ट (कमाल वेग) ४.७ गिगाहर्ट्झ, याचा ४.५, त्यामुळे मी भावाच्या लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्ट करत होतो तिथे त्या ९६ एमबीने काही दिवे लावले नाहीत, ८ कोर आले म्हणून काय फायदा झाला तेवढाच. निव्वळ एडिटिंग, रेंडरिंग करणार असाल तर हा घेऊच नका, साधा ५८०० एक्स घ्या नाहीतर जास्त कोरवाला घ्या. ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं) बंद आहे, वर चिकटवलेल्या मजल्याला जास्त व्होल्टेज झेपत नाही. आणि तापतो हो, मे महिन्यात पंखा फुल असताना फुल लोडला ८० डिग्रीच्या पुढे जातो, ९० ची लिमिट आहे त्यामुळे काही होत नाही पण बघून धडकी भरते. कंपनीलाही हे कळलं असावं कारण २०२४च्या शेवटी आलेल्या ९८०० एक्स थ्रीडीत कॅश कोरच्या खाली सरकवली, कोर वर, थेट कूलरला चिकटून, आणि ओव्हरक्लॉकिंगही सुरू. पण त्याला बोर्ड नवा, रॅम डीडीआर५, म्हणजे सगळंच नवं, आपल्या खिशाचं काम नाही. एएम४ वाल्यांना बजेट कमी असेल तर ५७०० एक्स थ्रीडी मिळतोय का बघा, जानेवारी २०२४ मध्ये आला, कॅश तेवढीच, क्लॉक अजून कमी.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो, रॅमला शिव्या घालून उपयोग नाही. रॅम भरून वाहत असेल, ८ जीबीवर क्रोमचे चाळीस टॅब आणि गेम असा कारभार असेल, तर ९६ एमबी कॅश काही करू शकत नाही, कारण मग सामान माळ्यावर पण नसतं, थेट एसएसडीच्या गोडाउनमधून आणावं लागतं. टास्क मॅनेजर उघडा, मेमरी ९० टक्क्यांच्या वर जातेय का बघा, जात असेल तरच रॅम घ्या, आणि घेताना डब्यावरचा स्पीड आणि सीएल (मागितलेला डेटा यायला रॅमचे किती ठोके लागतात तो आकडा) दोन्ही वाचा. माझ्या जुन्या स्टिक ३२०० सीएल१६, म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि त्या गळ्यात मारलेल्या २६६६ सीएल१९, म्हणजे १४ च्या वर. 'सेमच आहे सर' म्हणे.

त्या २६६६ च्या स्टिक अजून बोर्डवर आहेत. एकदा काढून पण बघितल्या, उरलेल्या दोन ३२०० वर चालवून हीथ्रोला उतरलो, ३६०० असताना जेवढा फरक पडायचा तेवढा आता जाणवतच नाही, प्रोसेसर माळ्यावर जातोच कमी ना. मग परत लावून टाकल्या, ३२ जीबी दिसते टास्क मॅनेजरमध्ये, काकांना दाखवायला बरं पडतं.