गुगल ॲड्स की एसइओ : मराठवाड्यातल्या धंद्यानं पैसा आधी कुठं घालावा?

महिन्याला दहा-पंधरा हजार रुपये गुगलसाठी बाजूला काढायची तयारी झाली की पुढचा प्रश्न येतोच. जाहिरात करायची की एसइओ, म्हणजे जाहिरातीशिवाय गुगलच्या निकालांत वेबसाइट वर आणायचं काम, करून घ्यायचं? एजन्सीला विचारलं तर ती जे विकते तेच सुचवते. म्हणून हा आढावा दुकानदाराच्या आणि कारखानदाराच्या बाजूनं लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. हा निर्णय बजेट बघून घेऊ नका. तुमचं गिऱ्हाईक कधी शोधतं, कुठून शोधतं आणि किती घाईत असतं, ते बघून घ्या.

दोन्हींचं काम कसं चालतं

कुणी ‘लातूर नीट क्लासेस’ असं शोधलं की वरच्या काही निकालांवर प्रायोजित असल्याची खूण दिसते. ती गुगल ॲड्सची जागा. 2000 साली ही सेवा ॲडवर्ड्स नावानं सुरू झाली, 2018 पासून तिचं नाव गुगल ॲड्स आहे. या जागेसाठी प्रत्येक शोधाच्या वेळी लिलाव होतो, पण जास्त बोली लावणाराच वर जातो असं नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करतील का, आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही मोजलं जातं. त्यामुळं फी, बॅचच्या वेळा आणि पत्ता नीट दिलेला छोटा क्लास मोठ्या क्लासपेक्षा कमी बोलीत वर दिसू शकतो. सर्च जाहिरातीत पैसे साधारणपणे क्लिक झाल्यावरच लागतात.

त्याखालचे निकाल पैसे देऊन मिळत नाहीत. जाहिरात चालू ठेवली की वेबसाइटही आपोआप वर येते, हा समज आपल्याकडं फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. गुगल दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतं. एसइओ म्हणजे तुमची पानं गुगलला वाचता येतील, मोबाइलवर पटकन उघडतील आणि शोधणाऱ्याला खरंच उपयोगी पडतील अशी करणं. जाहिरात मंजूर झाली की त्याच दिवशी फोन वाजू शकतो. एसइओचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गुगलचेच लोक सांगत आले आहेत.

यात तिसरी जागा नकाशाची. तिथं दिसण्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलवरची तुमच्या धंद्याची नोंद, लागतं, आणि ते फुकट आहे. शोधाशी जुळणी, अंतर आणि तुमचा धंदा किती नावाजलेला आहे या तीन गोष्टींवर तिथला क्रम ठरतो. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेलं कुटुंब स्टेशनवर उतरून राहायची जागा शोधतं, तेव्हा ते आधी नकाशा बघतं. अशा लॉजनं प्रोफाइल भरलेलं नसेल, खोल्यांचे खरे फोटो नसतील, तर जाहिरात आणि एसइओ दोन्हींचा विचार बाजूला ठेवून आधी हे काम संपवावं. प्रोफाइलच्या नावात ‘स्वस्त बेस्ट लॉज नांदेड’ असले शब्द मात्र घुसडू नका. ते नियमाविरुद्ध आहे, प्रोफाइल बंद होऊ शकतं.

घाईचं गिऱ्हाईक, निवांत गिऱ्हाईक

दहावीचा निकाल लागला की बीड, परभणी, धाराशिवकडचे पालक लेकरांना घेऊन लातूर गाठतात. क्लास, कॉलेज, होस्टेल, मेस असं सगळं काही आठवड्यांत ठरतं. इथं जाहिरातीला तोड नाही. हंगामाच्या तोंडावर सुरू करावी, प्रवेश भरले की थांबवावी. एसइओवर भरवसा ठेवायचा असेल तर होस्टेलचं पान दिवाळीच्या आसपासच तयार हवं. मे महिन्यात सुरू केलेलं एसइओ त्या वर्षी उपयोगाचं नाही, आणि मे महिन्यात ते विकायला येणाऱ्याला तसं तोंडावर सांगावं. उन्हाळ्यातलं बोअरवेलचं काम, जळालेली मोटार, वाळूजच्या एमआयडीसीत तातडीनं लागणारी क्रेन, यांचंही तसंच. शोधणारा पहिल्या दोन-तीन नंबरांना फोन लावतो आणि मोकळा होतो.

पैठणचा विणकर नेमका उलट टोकाला आहे. त्याचं गिऱ्हाईक पुण्यात, मुंबईत, कधी परदेशात असतं. लग्न सहा महिन्यांवर असताना ते बघायला लागतं, फोटो साठवतं, बहिणीला पाठवतं, हातमाग की यंत्रमाग यावर वाचतं. ‘पैठणी’ या एका शब्दावर जाहिरात लावली तर मोठ्या शोरूमशी बोली लावावी लागते, आणि क्लिक करणाऱ्यांत नुसती डिझाइन बघणारी माणसं भरपूर. इथं मी पैसा एसइओकडं वळवेन. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनंही सुलट बाजूसारखाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. हे जवळून काढलेल्या फोटोंसह समजावणारं एक पान घ्या. मुनिया काठ, आसावली, मोराचा पदर यांची स्वतःच्या मागावरची छायाचित्रं, एका साडीला किती दिवस लागतात आणि किंमत तशी का, हे त्यात मांडा. असं पान वर्षानुवर्षं गिऱ्हाईक आणू शकतं, आणि विणकराइतकं खरं ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

एक बदल मात्र ध्यानात घ्यावा. 2024 च्या ऑगस्टपासून भारतातही गुगल काही शोधांवर एआयनं तयार केलेलं उत्तर सगळ्यात वर दाखवू लागलं आहे. ‘पैठणी कशी ओळखावी’ याचं ढोबळ उत्तर तिथंच मिळालं तर पानावर येण्याची गरज उरत नाही. म्हणून इकडून तिकडून गोळा केलेल्या माहितीचे लेख लिहून घेण्यावर आता पैसा घालू नये. तुमच्याच मागाचे फोटो, तुमचे भाव, तुमचा माल ज्या पानावर आहे, त्याच पानासाठी माणूस आत येईल.

जालन्याची सळई मधे कुठंतरी पडते. ठेकेदार कारखाना शोधतो तेव्हा पहिल्या पानावर इंडियामार्टसारख्या व्यापारी याद्यांची पानं असतात, एकट्या कारखान्याच्या वेबसाइटला त्यांच्यावर चढणं अवघड. ग्रेड, साइज आणि जिल्हा जोडून नेमक्या शब्दांवर जाहिरात करावी. ‘सळईचा आजचा भाव’ शोधणारे बहुतेक भाव बघून निघून जातात, नोकरी शोधणारेही क्लिक करतात. असे शब्द नकारात्मक कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्यांवर जाहिरात दिसू नये अशा यादीत, टाकले नाहीत तर पैसा गळत राहतो. तोच आजचा भाव रोज वेबसाइटवर टाकला तर तिथं येणाऱ्यांचे पैसे लागत नाहीत, आणि त्यातल्या एखाद्याला पुढं माल लागतोच.

एका शहराची दोन नावं

ही आपल्या भागाची खास अडचण आहे आणि बाहेरच्या एजन्सीच्या ती ध्यानातही येत नाही. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव असं नामांतर झालं. शोधणारे मात्र जुनं नाव टाकतात, नवं टाकतात, नुसतं संभाजीनगर टाकतात, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाकतात. जाहिरातीत ही सगळी रूपं एका दुपारी भरून होतात. एसइओत प्रत्येक नावासाठी वेगळं पान काढणं चूक ठरेल. तोच मजकूर नाव बदलून चिकटवलेली पानं गुगलला खपत नाहीत. एकाच चांगल्या पानावर पत्त्यात नवं नाव ठेवावं आणि मजकुरात ओघानं जुनं नावही येऊ द्यावं.

औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. जाहिरातीत नुसता शब्द टाकला आणि ठिकाण निवडलं नाही, तर तिकडचे क्लिकही तुमच्या खात्यात पडतात.

ठिकाणाच्या सेटिंगमध्ये आणखी एक मेख आहे. निवडलेल्या भागात असलेले लोक आणि त्या भागात रस दाखवणारे लोक, असे दोन्ही गट गुगल आपणहून धरून चालतं. लातूरच्या मोटार दुरुस्तीवाल्याला पुण्यात बसलेला माणूस नको, त्यानं फक्त त्या भागात असलेले लोक हा पर्याय निवडावा. वेरूळच्या हॉटेलवाल्याला मात्र दिल्लीत बसून लेणी आणि घृष्णेश्वराची सहल आखणारा माणूसच हवा, त्यानं दोन्ही गटांचा आधीचाच पर्याय राहू द्यावा.

पैशाचा हिशेब

समजा, एका क्लिकला 15 रुपये पडतात. 100 क्लिकचे 1500 झाले. त्यातून आठ फोन आले, दोन गिऱ्हाईकं पक्की झाली. 18 टक्के जीएसटी धरून खर्च 1770, म्हणजे एका गिऱ्हाईकामागं 885 रुपये. होस्टेलच्या वर्षभराच्या फीत हे कुठंच जाणवणार नाही. ज्या दुकानाला एका विक्रीत 300 रुपये सुटतात त्याला मात्र ही जाहिरात तोट्याची. आकडे तुमचे घाला, पण हा हिशेब एकदा कागदावर मांडल्याशिवाय जाहिरात सुरू करू नका. जीएसटी नंबर खात्यात नोंदवला तर नेहमीच्या करदात्याला त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ते मिळत नाही, त्यानं कर खर्चातच धरावा.

रोजचं बजेट 300 ठेवलं तरी एखाद्या दिवशी 600 पर्यंत खर्च दिसू शकतो. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या 30.4 पट, म्हणजे 9120 रुपये, असते. एवढ्यावरून घाबरून जाहिरात बंद करू नये.

एसइओचा खर्च असा क्लिकमागं मोजता येत नाही, आणि फसवणूक तिथंच जास्त होते. ‘तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटी’ असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशी हमी कुणालाच देता येत नाही, हे गुगलनं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. विकत घेतलेल्या लिंक आणि ढिगानं काढलेले निकामी लेख यांनी वेबसाइट खाली जाते, आणि ती सावरायला तुमचेच महिने जातात. दर महिन्याला कोणत्या पानावर काय काम केलं ते लिहून मागा. गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात तुम्ही स्वतः बघू शकता की कोणत्या शब्दांवर तुम्ही दिसलात आणि किती जण आत आले. ते फुकट आहे.

जाहिरात असो की एसइओ, डोमेन (वेबसाइटचा पत्ता), ॲड्सचं खातं आणि बिझनेस प्रोफाइल तुमच्याच ईमेलवर उघडा. एजन्सीला वापरायची परवानगी द्या, मालकी देऊ नका. खातं त्यांच्या नावावर असलं तर एजन्सी बदलताना आधीची सगळी माहिती त्यांच्याकडंच राहते.

दहा-पंधरा हजारांत मी काय करेन

पहिला महिना प्रोफाइल आणि दोन-तीन चांगली पानं. घाईचा किंवा हंगामाचा धंदा असेल तर दुसऱ्या महिन्यापासून बहुतेक सगळा पैसा नेमक्या शब्दांच्या सर्च जाहिरातीत. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइट आणि ॲपवर जाहिरात दाखवण्याची, खूण कॅम्पेन बनवताना आधीच लागलेली असते, ती काढायची. पैठणी, हिमरू, वसमतची हळद, केसर आंबा अशा विचार करून घेतल्या जाणाऱ्या मालासाठी पैसा पानांवर आणि फोटोंवर, जाहिरात फक्त सणासुदीला किंवा माल निघेल तेव्हा. जालन्यासारख्या कारखान्याच्या व्यवहारात थोडी जाहिरात वर्षभर आणि पानांचं काम सोबत.

जाहिरात चालू असताना सर्च टर्म्सचा अहवाल दर आठवड्याला उघडायचा. लोकांनी प्रत्यक्षात काय टाकून तुम्हाला शोधलं ते त्यात दिसतं. बिनकामाचे शब्द नकारात्मक यादीत जातील. ज्या शब्दांनी खरंच गिऱ्हाईक दिलं, त्यांची यादी करून एसइओची पुढची पानं त्याच शब्दांवर लिहायला घ्यायची. ती पानं वर दिसू लागली की तेवढ्या शब्दांवरची बोली एक-दोन आठवडे थांबवून बघा. फोन तेवढेच येत राहिले तर तो पैसा दुसऱ्या शब्दांना लावता येतो, फोन कमी झाले तर बोली परत सुरू करायची.