डोंगरातील शाखांसाठी व्हीसॅट : दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

भोर आणि पोलादपूर तालुक्यांतील आमच्या पतसंस्थेच्या ज्या चार शाखांपर्यंत फायबर पोहोचलेले नाही, तेथे आम्ही भाड्याने घेतलेल्या व्हीसॅट सेवेला (छतावरच्या छोट्या छत्रीतून, म्हणजे डिश अँटेनातून, उपग्रहामार्फत मिळणारी जोडणी) आता दोन वर्षे झाली. पुरवठादाराचे नाव येथे घेत नाही.

पहिल्या प्रस्तावात प्रत्येक शाखेला स्वतंत्र राखीव बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) होती, आणि उपग्रहसेवेत दरमहा खिशाला चाट लावते ती तीच. आमच्या चारही गावांचे बाजाराचे वार वेगळे असल्याने काउंटरवरची गर्दी एकाच वेळी होत नाही. म्हणून चौघींना मिळून एकच सामायिक बँडविड्थ द्यावी, असा आग्रह आम्ही धरला आणि मासिक बिल जवळजवळ निम्म्यावर आले. हबही (सर्व शाखांची उपग्रहजोडणी जिथे एकत्र येते ते मध्यवर्ती केंद्र) अनेक ग्राहकांत वाटलेले असल्यामुळे तेथील मोठ्या अँटेनाचा खर्च आमच्या एकट्याच्या माथी बसला नाही.

बचत अंगाशी आली ती छत्रीत. आमची सेवा ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात चालते त्या केयू बँडचे संकेत मुसळधार पावसात क्षीण होतात हे ठाऊक असूनही आम्ही १.२ मीटरची छत्री घेतली. जुलैत पत्र्यावरचा आवाज वाढला की मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकू लागे, आणि रोखपाल मुकाट्याने हाताने लिहायचे पावतीपुस्तक पुढे ओढत. दुसऱ्या पावसाळ्याआधी १.८ मीटरची छत्री बसवली. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते. आता जोर वाढला तर मोडेम स्वतःहून कमी वेगाच्या, पण क्षीण संकेतातही तग धरणाऱ्या कोडिंगवर (डेटा पाठवण्याच्या पद्धतीवर) उतरतो. काम मंदावते, मात्र सहसा थांबत नाही. छत्रीचा खर्च एकदाच होतो, हे विक्रेत्याने पहिल्याच बैठकीत सांगायला हवे होते.

उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्धा सेकंद लागतोच, मग दर कितीही मोजा. आमची जुनी प्रणाली प्रत्येक रकान्यासाठी सर्व्हरकडे धावत असे, त्यामुळे एक खाते उघडताना ग्राहक ताटकळत. पूर्ण अर्ज एकदम पाठवण्याची सोय करून घेतल्यावर, बँडविड्थ न वाढवता, तक्रारी थांबल्या. शाखा-शाखांतील फोन मात्र हबमार्गे दोनदा वर-खाली जातो. दोघे एकदम बोलू लागतात, म्हणून तो आम्ही मोबाइलवरच ठेवला आहे.

मार्चमध्ये काही दिवस सूर्य उपग्रहामागे आल्याने काही मिनिटे संपर्क तुटतो (नेमका वर्षअखेरीच्या धांदलीत!), त्याचे वेळापत्रक कंपनी आधी पाठवते. करार आम्ही वाढवला असून नव्या शाखेलाही त्याच सामायिक बँडविड्थमध्ये घेतले आहे. छत्री अर्थातच १.८ मीटरची.